हिरवी गाठ आणि ल्युकेमिया : मज्जेबाहेरच्या निदानाची पार्श्वभूमी

ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे, निदान म्हटले की अस्थिमज्जेची तपासणी आठवते. परंतु मज्जेबाहेर गाठ होऊन दिसणाऱ्या ल्युकेमियाची नोंद खुद्द ल्युकेमियाच्या नोंदीपेक्षा जुनी आहे. स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञ ॲलन बर्न्स यांनी १८११ साली हिरवट रंगाच्या गाठीचे वर्णन केले, तर ल्युकेमिया हा रक्तविकार प्रथम नोंदवणाऱ्या बेनेट आणि फिरखो यांची निरीक्षणे १८४५ची आहेत. १८५३ मध्ये किंग यांनी या गाठीला, हिरव्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून, ‘क्लोरोमा’ असे नाव दिले. तरीही गाठ आणि रक्त यांचे नाते लक्षात येण्यास आणखी चाळीस वर्षे जावी लागली. ते जॉर्ज डॉक यांनी १८९३ मध्ये मांडले आणि १९०४ मध्ये वॉर्थिन यांच्यासह अधिक भक्कम केले.

हा रंग मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा. आग्नर यांनी १९४१ मध्ये तो वेगळा केला, तेव्हा त्याचे नावही हिरवेपणावरूनच ‘व्हर्डोपेरॉक्सिडेज’ असे ठेवले होते. कापलेली गाठ हवेत राहिली की रंग फिका पडतो, आणि कित्येक गाठी मुळात हिरव्या नसतातच. म्हणून १९६६ मध्ये रॅपापोर्ट यांनी ‘ग्रॅन्युलोसायटिक सार्कोमा’ हे नाव सुचवले. आज ‘मायलॉइड सार्कोमा’ हे नाव रूढ आहे. रंगावर भरवसा ठेवता येत नाही, हे मान्य झाल्यावर निदानाचा सगळा भार पेशीवर आला.

सुईने गाठीतील पेशी ओढून तपासण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्ये मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्ये मांडली, पण ती खऱ्या अर्थाने रुजली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का येथे, फ्रान्झेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. त्यांनी बारीक सुई वापरली आणि काचपट्टीवरचा लेप हवेत वाळवून रक्ताच्या लेपासारखाच, मे-ग्रुनवाल्ड-गिम्सा पद्धतीने रंगवला. ल्युकेमियाच्या दृष्टीने हा तपशील किरकोळ नाही. अल्कोहोलमध्ये बुडवून पापानिकोलाऊ पद्धतीने रंगवलेल्या पट्टीवर केंद्रक सुरेख दिसते, पण पेशीद्रवातले कण तितके उठून दिसत नाहीत. आणि इथे ओळख पटवायला नेमके तेच कण लागतात. आपल्याकडील प्रयोगशाळांत रोज वापरला जाणारा लीशमन रंगही याच कुळातला.

अशा पट्टीवर मायलॉइड सार्कोमाच्या पेशी एकमेकींना न चिकटता सुट्या विखुरलेल्या असतात, केंद्रकातील जाळे अगदी बारीक असते, एखाद-दुसऱ्या पेशीत ऑअर दांडी, म्हणजे १९०६ पासून ज्ञात असलेली ती लालसर काडी, सापडते आणि मधूनच अपक्व इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दिसतात. हे काहीच ठळक नसेल तर गाठीवर लिम्फोमाचा, म्हणजे लसिकापेशींच्या कर्करोगाचा, शिक्का बसतो, आणि ही या विषयातली सर्वांत जुनी व सर्वांत वारंवार होणारी चूक आहे. ती टाळण्यासाठी आधी पेरॉक्सिडेज आणि एस्टरेज ही विकरे दाखवणारे रंग वापरले गेले. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे बनवण्याचे तंत्र शोधल्यानंतर फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे द्रवातून एकेक पेशी प्रकाशकिरणासमोरून नेऊन, पेशींचा प्रकार नेमका ओळखणे शक्य झाले. सुईत उरलेला थेंब सलाइनमध्ये धुऊन घेतला, तरी बरेचदा एवढ्या तपासणीपुरत्या पेशी मिळतात. मात्र पॅथॉलॉजिस्टच्या मनात शंकाच आली नाही, तर तो थेंब सुईबरोबर फेकला जातो.

मणक्यातील पाण्याची कथा वेगळी आहे. ते सुईने काढण्याची पद्धत क्विंके यांनी १८९१ मध्येच दाखवली होती. पण १९४८ मध्ये फार्बर यांच्या अमिनोप्टेरिन या औषधापासून ल्युकेमियाचे औषधोपचार सुरू झाले आणि मुले अधिक काळ जगू लागली, तेव्हा रक्त सुधारलेले असतानाही डोकेदुखी व उलट्या घेऊन रुग्ण परत येऊ लागले, कारण त्या वेळची औषधे मेंदूभोवती पुरेशी पोहोचत नव्हती आणि ल्युकेमियाच्या पेशी तिथे टिकून राहत. या पाण्यात पेशी इतक्या विरळ असतात की त्या काचपट्टीवर एका जागी गोळा करणाऱ्या सायटोसेंट्रीफ्यूजशिवाय त्या सहज निसटतात. एका मायक्रोलिटरमध्ये पाच पांढऱ्या पेशी, आणि त्यांत ब्लास्ट (ल्युकेमियाच्या अपक्व पेशी), ही ल्युकेमिया तिथे पोहोचल्याचे ठरवण्याची सीमा आजही वापरात आहे.

काही रुग्णांत गाठ आधी येते आणि मज्जा पूर्ण स्वच्छ असते. उपचार न केल्यास त्यांतील बहुतेकांना पुढील काही महिन्यांत तीव्र मायलॉइड ल्युकेमिया होतो, त्यामुळे मज्जेचा अहवाल निर्दोष असला तरी सुईतील पेशींवरून निदान पक्के झाल्यावर उपचार त्याच ल्युकेमियाचे केले जातात.