चावत नाही, पण मेंढी गाभडते

लातूर, धाराशिव, बीड अशा गावांच्या वसाहती आता थेट शिवारात शिरल्यात. सकाळी लॅब्रेडॉर घेऊन पाणंदीने फिरायला निघालेले साहेब आणि ज्वारी निघालेल्या रानात मेंढरं बसवलेला धनगर यांची गाठ पडायचीच. पट्टा सुटतो, कुत्रं उधळतं आणि साहेब लांबूनच ओरडतात, "घाबरू नका, तो चावत नाही!"

नसेलही चावत. पण पळणारं काही दिसलं की मागे लागायचं, हे कुत्र्याच्या अंगात लांडग्यापासून उतरलंय. आपल्याकडच्या कारवानी, पश्मी कुत्र्यांत तर माणसानेच पिढ्यान्‌पिढ्या तो पाठलाग धारदार केला. कुत्र्याला तो खेळ वाटत असेल, मेंढीला नाही.

लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी मेंढ्यांच्या पाठीवर जीपीएस बांधून एक पाहणी केली होती. ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. कुत्रं जवळ येताच प्रत्येक मेंढी कळपाच्या मध्याकडे घुसते, असं त्यात दिसलं. कडेला राहणारी सापडते, हा त्यामागचा हिशोब. माळावर हे ठीक. पण पुढे तारेचं कुंपण किंवा बिनकठड्याची विहीर असली तर? कोकरं तर आधी चेंगरतात. शिवाय मेंढी अंग थंड करते ते मुख्यतः धापा टाकून. मे महिन्याच्या उन्हात तिला पळवलं तर धापही पुरी पडत नाही. मेंढी-शेळी साधारण पाच महिने गाभण असते. शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात अशी धावपळ झाली, तर ती गाभडण्याची भीती असते. नुकसान कळतं ते उशिरा, आणि तोवर साहेब घरी चहा पीत असतात.

दुसरा धोका तर दिसतही नाही. निओस्पोरा नावाचा एकपेशीय परजीवी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो. कुत्रं कडब्याच्या गंजीशी बसलं आणि तो कडबा गव्हाणीत गेला, की गाय पाचव्या-सातव्या महिन्यात गाभ टाकू शकते. एकदा लागण झाली की ती जन्मभर राहते आणि पोटातल्या वासरालाही जाऊ शकते. खात्रीचं औषध नाही. कुत्र्याला हा परजीवी मिळतो कच्च्या मांसातून किंवा व्यालेल्या गाईच्या जारेतून, म्हणजे वासरामागून पडणाऱ्या वारेतून. म्हणून जार उकिरड्यावर न टाकता खोल पुरायची. इथे चूक एकट्या साहेबांची नाही, गोठेवाल्याचीही आहे. कच्चं काळीज-फुफ्फुस खाणाऱ्या कुत्र्यातून तर माणसाच्याही यकृतात पाण्याच्या गाठी होऊ शकतात. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळेवर द्या.

कळप नजरेस पडण्याआधीच पट्टा आखूड धरा, विष्ठा पिशवीत उचला आणि मेंढरांच्या वाड्याला लांबून वळसा घाला. धनगराची राखणीची कुत्री तुमच्या लाडक्याला पाहुणा समजत नाहीत.

एका प्रसंगी मात्र पट्टा सोडायचाच. नुकतीच व्यालेली गाय शिंगं रोखून आली, तर तिचा रोख बहुतेकदा कुत्र्यावर असतो. कुत्रं तिच्यापेक्षा चपळ, ते निसटतं. पट्टा धरून उभा राहिलेला माणूस मात्र मध्ये सापडतो.