"माहीत होतं ना मग?" खाण्याची जबाबदारी कोणाची या वादाची पार्श्वभूमी

लठ्ठपणाचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतंच, तोंडावर ताबा ठेवा की, सरकार काय करणार त्यात. आमच्या घरी पण हेच म्हणतात आणि ते अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण हा मुद्दा कोर्टात नक्की कसा टिकला ते वाचलं की त्याला एक अट जोडलेली दिसते, बोलताना ती आपण सोडून देतो.

२००२ मधे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या काही मुलांच्या वतीने मॅकडोनाल्ड्सवर केस झाली, की तिथलं खाऊन वजन वाढलं, आजार लागले. न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी जानेवारी २००३ मधे ती फेटाळली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की जास्त खाल्लं तर अपाय होतो हे माणसाला माहीत असेल किंवा माहीत असायला हवं असेल, तर त्याच्या अतिरेकापासून त्याला वाचवणं हे कायद्याचं काम नाही. सगळीकडे एवढंच छापून आलं. पण त्याच निकालात ते असंही म्हणाले की चिकन मॅकनगेट्स म्हणजे घरी तव्यावर परतलेलं चिकन नव्हे, घरचा स्वयंपाकी कधी वापरणार नाही असे घटक त्यात आहेत, आणि अशा पदार्थातला धोका सामान्य माणसाला कळत नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे सगळं अडतंय ते "माहीत होतं का" यावर! २००५ मधे अपिलात केसचा काही भाग परत जिवंत पण झाला.

तिकडे राजकारणात मात्र अट गळून गेली. कंपन्यांवर असे दावे करताच येऊ नयेत म्हणून आलेलं 'चीझबर्गर बिल' अमेरिकन प्रतिनिधीगृहात २००४ आणि २००५ अशी दोनदा पास झालं, त्याच्या नावातच 'वैयक्तिक जबाबदारी' होती. सिनेटमधे ते अडलं, पण वीसहून जास्त राज्यांनी आपापले तसे कायदे करून टाकले. २०१२ मधे महापौर ब्लूमबर्ग यांनी न्यूयॉर्कमधे १६ औंसांपेक्षा मोठ्या, म्हणजे साधारण अर्ध्या लिटरपेक्षा मोठ्या गोड पेयांच्या ग्लासवर बंदी आणायचा प्रयत्न केला, तो २०१४ पर्यंत कोर्टांनी पूर्ण मोडीत काढला. ती बंदी मला पण पटत नाही, किती प्यायचं हे सरकारने ठरवू नये. पण त्याच शहराने २००८ पासून मोठ्या साखळी हॉटेलांना मेन्यूवर कॅलरी लिहायला लावल्या होत्या, ते टिकलं. त्यात कोणाचा हात धरला नव्हता, फक्त सांगितलं होतं.

चिलीने २०१६ मधे हेच पुढे नेलं. साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट किंवा कॅलरी मर्यादेबाहेर असतील तर पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळा अष्टकोन, त्यावर 'जास्त आहे' इतकंच. वाचता न येणाऱ्या आजीला पण कळतं. शिवाय अशा मालावर मुलांना भुलवणारी कार्टून नकोत आणि शाळेत विक्री नको.

आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीप्रमाणे (एनएफएचएस-५) २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष जादा वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. महाराष्ट्राने २०१७ मधे शाळांच्या कॅन्टीनमधून चिप्स, कोल्ड्रिंक वगैरे बाहेर काढायचा जीआर काढला, केरळने २०१६ मधे ब्रँडेड पिझ्झा बर्गरवर १४.५ टक्के कर लावला होता तो जीएसटी आल्यावर संपला. पण खरी लढाई लेबलची आहे. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ च्या मसुद्यात जास्त साखर-मीठ-फॅटसाठी लाल रंगाची खूण सुचवली, उद्योगाने विरोध केला, ते मागे पडलं. मग २०२२ मधे आला स्टारचा मसुदा, अर्धा ते पाच स्टार. त्यात फळं, सुका मेवा, फायबर असेल तर गुण वाढतात, म्हणजे भरपूर साखर असलेल्या मालाला पण एखाद-दोन स्टार मिळणार, आणि आपल्याकडे स्टार म्हणजे शाबासकी असंच कोणीही समजतं! माझी मुलगी वहीवर मिळालेला एक स्टार पण धावत येऊन दाखवते.

सध्या माहिती असते ती पाकिटाच्या मागे, बारीक अक्षरात, १०० ग्रॅमला किती आणि एका सर्व्हिंगला किती अशी. वाण्याच्या दुकानात गर्दीत उभं राहून, पोर हट्ट करत असताना हे गणित कोण करेल? मी शिकलेली आहे, चष्मा लावून पण मला नीट वाचता येत नाही.

एप्रिल २०२५ मधे सुप्रीम कोर्टाने एका जनहित याचिकेवर पुढच्या बाजूच्या लेबलचा प्रश्न तीन महिन्यांत मार्गी लावायला सांगितलं, जुलैमधे आणखी तीन महिने दिले. त्याच जुलैमधे नागपूरच्या एम्सच्या कॅन्टीनमधे समोसा-जिलेबीत तेल आणि साखर किती याचे बोर्ड लागणार अशी बातमी आली आणि सरकार आता समोशावर सिगारेटसारखा इशारा छापणार म्हणून एवढा गदारोळ झाला की केंद्राला खुलासा करावा लागला, असं कुठलंही लेबल नाही, कामाच्या ठिकाणी फक्त माहितीचे बोर्ड लावा असं सुचवलंय. आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन दिवस समोसाच चालू होता. पाकिटाच्या लेबलची मुदत पुढे गेली त्याबद्दल एक ओळ पण कोणी टाकली नाही.