दीड इंची फळी आणि वयाचं लेबल

व्हीआर आर्केडमधल्या, म्हणजे पैसे भरून डोळ्यांवर हेडसेट चढवून आभासी जगात खेळायच्या केंद्रांमधल्या, मारधाडीच्या खेळांवर निर्बंध हवेत का, हा विषय निघाला की चर्चा लगेच रक्तावर घसरते. अमेरिकेतली ईएसआरबी (१९९४ पासून) आणि युरोपातली पेगी (२००३ पासून) या खेळांना वयाची लेबलं देणाऱ्या यंत्रणाही मुख्यतः खेळात काय दाखवलंय तेच पाहतात. साध्या पडद्यासाठी ते ठीक आहे. व्हीआरमध्ये मात्र पाहायला हवं ते खेळणाऱ्याच्या शरीराकडे.

हे वाचता वाचता मान डावी-उजवीकडे हलवा. अक्षरं जागची हलत नाहीत. कानाच्या आतल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव मान वळली की किंचित मागे रेंगाळतो, तिथल्या पेशींवरचे सूक्ष्म केस वाकतात आणि जेमतेम १० मिलिसेकंदांत बुबुळं उलट दिशेला फिरतात. शिवाय मेंदू मानेला वळायची आज्ञा देतो, तेव्हाच तिची एक प्रत स्वतःकडे ठेवतो आणि आता काय दिसायला हवं याचा अंदाज बांधून मोकळा होतो. अंदाज आणि दृश्य जुळलं, की आपण 'तिथे' असतो. टीव्ही पाहताना मान वळवली तर टीव्हीच नजरेआड जातो. हेडसेट मात्र मानेची हालचाल टिपून सुमारे २० मिलिसेकंदांत नवं चित्र समोर आणतो, आणि प्रत्येक अंदाज खरा ठरत जातो.

'व्हीआर मेंदूला फसवतं' ही जाहिरातबाजी मला पटत नाही. माणसाला सगळं खोटं आहे हे पक्कं ठाऊक असतं, तरीही शरीर प्रतिसाद देतं; खरी नवलाची गोष्ट ती आहे. सांगितलं म्हणून माणूस दुसऱ्याला कितपत इजा करतो, हे पाहणारा मानसशास्त्रज्ञ मिलग्रमचा गाजलेला प्रयोग संशोधक मेल स्लेटर आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये आभासी खोलीत केला. चुकीचं उत्तर देणाऱ्या आभासी बाईला विजेचे झटके द्यायचे होते. ती खरी नाही हे सहभागी झालेल्या सगळ्यांना माहीत होतं. तरी जे तिला पाहत-ऐकत होते, त्यांच्या शरीरात ताणाची लक्षणं दिसली.

आर्केडच्या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २००२मधला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातला प्रयोग. आभासी खोलीत जवळपास २० फूट खोल खड्डा दिसायचा आणि कडेवर उभं राहिलं की हृदयाचे ठोके वाढायचे. मग संशोधकांनी पायाखाली दीड इंच उंचीची खरी लाकडी फळी ठेवली. चित्र तेच, पण पायाला कड लागताच ठोके आणखी वाढले.

आर्केडमध्ये नेमकं हेच होतं. हातात वजनदार बंदूक, छातीवर धक्के देणारं जाकीट, हादरणारी जमीन. खेळ तोच, लेबल तेच. घरच्या हेडसेटपेक्षा शरीराला मिळणारे पुरावे मात्र कितीतरी जास्त.

पण म्हणून 'गेममुळे मुलं खुनी होतात' असं मी म्हणणार नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेही २०२०मध्ये स्पष्ट केलं, की हिंसक गेम आणि प्रत्यक्ष हिंसा यांचा संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही; आक्रमकतेशी दिसतो तो लहानसा संबंध. माझी काळजी वेगळी आहे, तीव्र भीतीची, आणि विशेषतः लहान मुलांची. २००९मधल्या एका अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या मुलांना व्हीआरमध्ये त्यांचंच प्रतिरूप व्हेलबरोबर पोहताना दाखवलं. काहींना नंतर ते खरंच घडल्यासारखं आठवू लागलं.

तेव्हा आर्केडना खेळ पुरवणाऱ्या प्लॅटफॉर्मनी सरसकट बंदी घालू नये, पण आर्केडला खेळाचा परवाना देताना खेळासोबत सामग्रीही विचारात घ्यावी. जाकीट आणि बंदूक जोडली की वयाची अट एक पायरी वर सरकावी. अंगावर धावून येणारं पात्र आणि हाताने जवळून मारण्याचे प्रसंग लहानांसाठी बंद ठेवता यावेत. आणि शेजारी उभ्या कर्मचाऱ्याला खेळ तत्काळ थांबवता यायलाच हवा. घाबरलेल्या मुलाला हेडसेट आपण स्वतः काढू शकतो हे त्या क्षणी सुचेलच असं नाही.