मसाज उपचार : वैज्ञानिक पुरावा

स्नायू व त्वचेखालील ऊती हातांनी चोळून, दाबून, मळून किंवा थोपटून वेदना आणि ताण हलका करण्याचा उपचार. मसाज घेतल्यावर बरे वाटते, याबद्दल फारसा वाद नाही. ते बरे वाटणे किती दिवस टिकते, कोणत्या दुखण्यात उपयोगी पडते आणि त्यात हातांच्या कौशल्याचा वाटा किती, नुसत्या स्पर्शाचा किती, हे मात्र संशोधनाने ठरवावे लागते.

यातला स्पर्शाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. औषधाची चाचणी घेताना हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी देता येते. मसाजला तसा पर्याय नाही, कारण पाठीवरून हात फिरतोय की नाही हे रुग्णाला कळतेच. यावर एक चांगला तोडगा २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत दिसतो. तिच्यात कर्करोगाच्या प्रगत अवस्थेतील ३८० रुग्ण होते. काहींना मसाज दिला, तर इतरांच्या अंगावर तेवढाच वेळ ठरावीक जागी हात नुसते ठेवले. चोळणे नाही, दाबणे नाही. वेदना दोन्ही गटांत कमी झाल्या. उपचारानंतर लगेच पाहिले तर मसाजचा गट पुढे होता, पण काही आठवड्यांनी दोन्ही गटांत फरक उरला नाही. इतक्या आजारी माणसाला घटकाभर मिळालेला आराम क्षुल्लक मानणे चूक ठरेल. त्याला टिकाऊ उपचार म्हणणेही तितकेच चूक.

कंबरदुखीतही चित्र असेच आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जुनी कंबरदुखी असलेल्या ४०१ जणांपैकी काहींना दहा आठवडे दर आठवड्याला मसाज देण्यात आला. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा त्यांचे दुखणे कमी झाले आणि हालचाल सुधारली. वर्षभराने मात्र हा फायदा जवळजवळ ओसरला होता. विशेष म्हणजे नेमक्या स्नायूंवर काम करणारा मसाज आणि साधा, शिथिल करणारा मसाज यांचे परिणाम सारखेच निघाले. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात २५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. अल्पकाळ आराम मिळतो, पण पुरावा कमी दर्जाचा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरचे संशोधन विशेष गाजले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांच्या १९८६ च्या अभ्यासात, दिवसातून तीनदा पंधरा मिनिटे हळुवार चोळून हातपाय हलवलेल्या बाळांचे वजन रोज ४७ टक्के अधिक वाढले. पुढे २००४ च्या कॉक्रेन आढाव्यात ही जादा वाढ दिवसाला सरासरी ५.१ ग्रॅम भरली. मूळ अभ्यासांच्या पद्धतीत उणिवा असल्याचेही त्यात नोंदवले होते.

व्यायामानंतर मसाज केल्याने स्नायूंतले लॅक्टिक आम्ल ‘निघून जाते’ हा समज खोटा आहे. २०१२ च्या एका प्रयोगात ११ तरुणांना दमेपर्यंत सायकल चालवायला लावून प्रत्येकाच्या एकाच पायाला दहा मिनिटे मसाज दिला आणि दोन्ही मांड्यांतील स्नायूंचे सूक्ष्म तुकडे तपासले. लॅक्टेटमध्ये, म्हणजे लॅक्टिक आम्लाच्या शरीरातील रूपात, फरक नव्हता. मसाज केलेल्या पायात दाहाशी संबंधित संकेत मात्र कमी आढळले. प्रयोग फार लहान असल्याने यावरून मोठे दावे करता येत नाहीत. २९ अभ्यासांच्या २०२० मधील आढाव्यात मसाजमुळे ताकद, वेग किंवा दमसास वाढल्याचे दिसले नाही. लवचिकता आणि व्यायामानंतर येणारी अंगदुखी यांत थोडा फायदा दिसला.

चिंता व उदासी मसाजने कमी होतात, असे २००४ च्या ३७ अभ्यासांच्या विश्लेषणात आढळले. याचे श्रेय अनेकदा कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक घटण्याला दिले जाते, पण २०११ च्या सविस्तर तपासणीत ती घट नगण्य ठरली. त्वचेतील काही मज्जातंतू सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने हळुवार फिरणाऱ्या स्पर्शाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि तो स्पर्श सुखद वाटतो. आराम मिळण्यामागे हे एक कारण असणे शक्य आहे. शरीरातील ‘विषारी द्रव्ये’ बाहेर पडतात या दाव्याला मात्र आधार नाही.

गंभीर इजा क्वचितच होते. तरी पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असेल तर तिथे मसाज करू नये, कारण ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, हाडे ठिसूळ झालेल्यांनी आणि ताज्या जखमेवर जोरदार दाबाचा मसाज टाळावा.