फायटर मागे का पडला?

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे फासे टाकत प्रत्येकाने एक काल्पनिक पात्र वठवायचा खेळ, त्याच्या टेबलावर एक भांडण ठरलेलं आहे. पात्रं अनुभवाने लेव्हल म्हणजे पायऱ्या चढतात, आणि मोहीम दहाव्या-बाराव्या लेव्हलला पोचली की विझर्ड, म्हणजे जादूगार, अख्ख्या टोळीला क्षणात दुसऱ्या देशात नेऊन सोडतो, हवी तिथे भिंत उभी करतो, राक्षसाचा बेडूक करतो. आणि फायटर, म्हणजे लढवय्या? तो तलवार मारतो. मग पुन्हा मारतो. त्यावर कुणीतरी हमखास म्हणतं की हा खेळ घडवणाऱ्यांनी क्लासच्या, म्हणजे पात्रांच्या प्रकारांच्या, समतोलाचा विचारच केला नव्हता. हे मात्र खरं नाही. विचार केला होता, फक्त तो आज कुणी बघत नाही अशा जागी ठेवला होता. आणि नंतरच्या आवृत्त्यांनी कटकट समजून तोच काढून टाकला.

मुळात हा खेळ युद्धखेळांतून आला. १९७१ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं 'चेनमेल' निघालं, टेबलावर मांडायच्या छोट्या खेळण्यातल्या सैनिकांच्या मध्ययुगीन लढायांचं. त्याला जोडलेल्या फँटसी पुरवणीत विझर्ड आहे, पण तो व्यक्ती कमी आणि तोफखाना जास्त. त्याचा आगीचा गोळा मोठ्या कॅटापल्टच्या माऱ्याइतकी जागा व्यापतो, त्याची वीज जड तोफेसारखी पडते. शेजारचा 'हीरो' चार माणसांच्या ताकदीने लढतो, 'सुपरहीरो' आठांच्या. तोफखाना श्रेष्ठ की पायदळ, असा प्रश्न युद्धखेळात कुणाला पडत नाही, कारण दोन्ही एकाच सेनापतीच्या हाताखाली असतात. गायगॅक्सबरोबर हा खेळ घडवणाऱ्या डेव्ह आर्नेसनने मिनेसोटात 'ब्लॅकमूर' मोहीम चालवताना प्रत्येक खेळाडूच्या हाती स्वतःचं एक पात्र दिलं, तेव्हा तोफ एकाकडे गेली आणि भाला दुसऱ्याकडे. भांडणाचं मूळ तिथे आहे. क्लेरिक हा क्लास तर सरळसरळ समतोलापोटीच जन्मला. ब्लॅकमूरमध्ये सर फँग नावाचा, एका खेळाडूचाच, व्हॅम्पायर कुणाला आवरेना, म्हणून त्याच्यावर उतारा म्हणून धर्मगुरू आणला गेला.

१९७४ च्या पहिल्या पेटीत तीन क्लास होते: फायटिंग-मॅन (आजचा फायटर), मॅजिक-यूजर (आजचा विझर्ड), क्लेरिक. थीफ पुढच्या वर्षी 'ग्रेहॉक' पुरवणीत आला. समतोल साधला होता तो आयुष्यभराच्या हिशेबाने. पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-यूजरकडे दिवसाला एक स्पेल, म्हणजे मंत्र. चिलखत नाही, हातात खंजीर, आणि ग्रेहॉकनंतर हिट पॉइंटसाठी, म्हणजे किती मार सोसता येईल ते ठरवायला, चार बाजूंचा फासा. त्यावर एक पडला तर एखादं चिलटही त्याला लोळवू शकायचं. ते एक स्पेल संपलं की उरलेला दिवस फायटरच्या पाठीमागे उभं राहायचं. असल्या अवस्थेतून जो पाचव्या लेव्हलपर्यंत जगला त्याला फायरबॉल, तोच आगीचा गोळा, मिळायचा, आणि तो मिळाल्याबद्दल कुणी कुरकुर करत नसे. बहुतेक जण तिथवर पोचतच नसत.

लेव्हल वाढण्याचा दरही प्रत्येक क्लासला वेगळा होता. दुसऱ्या लेव्हलसाठी थीफला १२०० अनुभवगुण, क्लेरिकला १५००, फायटरला २०००, मॅजिक-यूजरला २५००. शिवाय खजिन्यात जादूच्या तलवारी भरपूर निघायच्या आणि त्या मॅजिक-यूजरला चालवता येत नसत. नवव्या लेव्हलला फायटर 'लॉर्ड' व्हायचा, गढी बांधायचा, त्याच्याकडे फौज जमायची. म्हणजे विझर्डकडे मंत्र असतील तर फायटरकडे मुलूख होता. अर्थात गणित सगळीकडे चोख नव्हतं. नंतरच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीत नवव्या लेव्हलला फायटरला २,५०,००१ गुण लागत आणि मॅजिक-यूजरला १,३५,००१. ज्या टप्प्यावर जादूगार खरा जोर धरतो त्याच टप्प्यावर त्याला स्वस्तात वर चढवण्यामागचा तर्क मला आजवर पटलेला नाही.

या सगळ्याचं काय झालं ते 'हेस्ट' या एका स्पेलच्या चरित्रात नीट दिसतं. जुन्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये हेस्टने माणसाची चाल आणि वार दुप्पट होत, पण प्रत्येक वेळी तो एक वर्षाने म्हातारा होई, आणि तो धक्का शरीराला सोसला नाही तर जागीच मरे. दुसऱ्या आवृत्तीने तर स्पष्ट लिहिलं की मंत्र म्हणण्याचा वेग याने वाढत नाही. म्हणजे हेस्ट ही फायटरसाठीची चीज होती, आणि फुकट नव्हती. १९९७ मध्ये विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने हा खेळ काढणारी टीएसआर कंपनी विकत घेतली आणि २००० मध्ये माँटी कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स यांची तिसरी आवृत्ती आली. तिने म्हातारपण काढून टाकलं आणि हेस्टखालच्या पात्राला फेरीत एक जादा कृती दिली. त्या कृतीत स्पेल टाकता येत होतं! फायटरला एक वार जास्त मिळाला, विझर्डला एका फेरीत दोन स्पेल. २००३ च्या ३.५ या सुधारित आवृत्तीत हे मागे घेऊन जादा वारच तेवढा ठेवला गेला, पण एक भोक बुजवून काही फरक पडणार नव्हता.

कारण तिसऱ्या आवृत्तीने सगळ्या क्लासना अनुभवगुणांचा एकच तक्ता दिला होता. मार बसला की स्पेल वाया जाण्याची भीती जवळपास संपवली होती. फायटरची गढी नियमांतून गेली होती. आणि सर्वांत मोठा बदल सेव्हिंग थ्रोचा, म्हणजे स्पेलसारख्या संकटातून वाचायला टाकायच्या फाशाचा. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइड या, खेळ चालवणाऱ्यासाठीच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' नियमपुस्तकातला सतराव्या लेव्हलचा फायटर स्पेलविरुद्ध वीस बाजूंच्या फाशावर ६ किंवा जास्त पडलं की सुटायचा, समोर कितीही मोठा जादूगार असो. तिसऱ्या आवृत्तीत त्याच लेव्हलच्या फायटरला मनावरच्या स्पेलविरुद्ध फाशात मिळवायला मुळात मिळतात +५, आणि गाठायचा आकडा स्पेलच्या पातळीबरोबर आणि जादूगाराच्या बुद्धीबरोबर चढत जातो. पंचविशीच्या पुढचा आकडा तिथे नवलाचा नाही. कागदावर नियम सुटसुटीत झाले, आणि फायटर कुणाच्याही हातचं बाहुलं झाला. जंगलात प्राण्याचं रूप घेऊन त्याच रूपात स्पेल टाकणारा ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू करणारा क्लास, तर सोबतच्या लांडग्यासकट त्याचं सगळं कामच घेऊन बसला.

२००६ च्या 'टोम ऑफ बॅटल' या पुरवणी पुस्तकाने तलवारवाल्यांना स्पेलसारखे डाव देऊन पाहिले. तोच धागा २००८ मध्ये रॉब हाइन्सूच्या नेतृत्वाखालच्या चौथ्या आवृत्तीने टोकाला नेला: प्रत्येक क्लासला कधीही वापरायच्या, लढाईत एकदाच्या आणि दिवसात एकदाच्या अशा शक्ती, एकाच साच्यात. समतोल मोजायचं माप आयुष्यावरून एका लढाईवर आलं. माझ्या मते फायटर इतका चांगला कधीच नव्हता. तो शत्रूला 'मार्क' करायचा; मग त्या शत्रूने दुसऱ्या कुणाला मारायला पाहिलं की फायटरचा वार ठरलेला, आणि निसटून जायला पाहिलं तर वार बसताच जागेवर थांबावं लागे. पण 'सगळे क्लास सारखेच वाटतात' ही तक्रार वाढत गेली, बरेच खेळाडू २००९ मध्ये आलेल्या पेझो कंपनीच्या 'पाथफाइंडर'कडे, म्हणजे ३.५ च्याच डागडुजी केलेल्या रूपाकडे, वळले.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने माप दिवसावर आणलं. बरीच मोठी स्पेलं 'कॉन्सन्ट्रेशन', म्हणजे सलग लक्ष, मागतात, असं एका वेळी एकच टिकतं, आणि मार बसला तर तुटू शकतं. हेस्ट संपलं की ते घेणारा एक पाळी लुळा पडतो, म्हणजे जुनी किंमत थोडी परत आली. पण हिशेब धरला होता दिवसाला सहा ते आठ झटापटींचा. बहुतेक टेबलांवर दिवसात एक किंवा दोनच मोठ्या लढाया होतात. विझर्ड सगळा दारूगोळा त्यातच उडवून झोपी जातो, आणि विश्रांतीशिवाय तासन्‌तास लढू शकणाऱ्या फायटरला त्या गुणाचा उपयोग करायला दिवसच पुरत नाही.

२०२४ च्या नव्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये तो दिवसाचा हिशेब काढूनच टाकला आहे. फायटरला मात्र हत्यारागणिक वेगळे डाव मिळाले, आणि 'इंडॉमिटेबल' बदललं. फसलेला सेव्हिंग थ्रो पुन्हा टाकताना त्याला आता स्वतःच्या लेव्हलइतकी भर मिळते: सतराव्या लेव्हलला +१७, लांब विश्रांतीपर्यंत तीनदा. १९७९ मध्ये तो जवळपास इतक्याच सहजतेने सुटायचा, फक्त तेव्हा त्याला वेळा मोजाव्या लागत नव्हत्या.