रंगांधळेपणा आणि एनडीए: पसंतीक्रम भरण्याआधी ही चाचणी करून घ्या

रंगांधळेपणा तपासायला इशिहाराचं पुस्तक वापरतात; त्यात रंगीत ठिपक्यांमधून आकडा ओळखायचा असतो. त्याच्या दुसऱ्या पानावर मला ३ दिसतो. तुम्हाला बहुधा ८ दिसेल. पहिल्या पानावरचा १२ मात्र सगळ्यांना वाचता येतो; चाचणी नीट समजली की नाही, एवढंच त्यातून कळतं. भाच्याने अकरावीत एनडीएचा, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा, ध्यास घेतला तेव्हा तयारीच्या क्लासची फी भरण्याआधी मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बहिणीला ते अपशकुनासारखं वाटलं. पण तिचा सख्खा भाऊ, म्हणजे मीच, रंगांधळा आहे.

लाल-हिरव्यातला हा जन्मजात दोष एक्स गुणसूत्रावरून येतो. मुलाला एक्स आईकडून मिळतो, म्हणून चौकशी आजोळी करायची, बापाकडे नाही. आईचे वडील रंगांधळे असतील तर नातवात दोष उतरण्याची शक्यता निम्मी. फक्त मामा असेल तर साधारण चारात एक. मुलींमध्ये तो क्वचित आढळतो, कारण त्यांच्याकडे दोन एक्स असतात. भाच्याने पाऊण मीटरवरून, दर पानाला तीनेक सेकंदांत सगळे आकडे धडाधड वाचले. मी शेजारी बसून ३ आणि ५ म्हणत होतो. डॉक्टर हसले.

सैन्याला याचं एवढं काय? रात्री समोरून येणाऱ्या जहाजाचा डावा दिवा लाल, उजवा हिरवा. विमानाच्या पंखांचंही तसंच. धावपट्टीशेजारी लाल-पांढरे दिवे पाहून वैमानिक आपण उंच आहोत की खाली ते ठरवतो. छत्रीधारी सैनिक विमानाच्या दारात उभा असतो तेव्हा लाल दिवा म्हणजे तयार राहा, हिरवा म्हणजे उडी. तिथे अंदाजाने चालत नाही.

रंगदृष्टीची प्रतवारी सीपी-१ (सगळ्यात चांगली) पासून सीपी-४ पर्यंत असते. हवाई दलाच्या उड्डाण शाखेला सीपी-१ लागतो, त्यात सवलत नाही. लष्करात अनेक वर्षं सीपी-३ चालत आला आहे: इशिहाराची ठरावीक पानं वाचता आली, किंवा मार्टिन कंदिलाचे लाल, पांढरे, हिरवे दिवे दीड मीटरवरून ओळखता आले की झालं. निकष बदलत राहतात, म्हणून आपण फॉर्म भरतो त्याच वर्षीच्या यूपीएससी जाहिरातीचं वैद्यकीय परिशिष्ट वाचा. यूट्यूबवरचा जुना व्हिडिओ कामाचा नाही.

पॅरा स्पेशल फोर्सेस (लष्कराचे कमांडो) किंवा मार्कोस (नौदलाचे कमांडो) यांत अधिकारी व्हायचंय, तर त्याचा वेगळा फॉर्म कुठे, असं मुलं हमखास विचारतात. तसा फॉर्मच नसतो. आधी अधिकारी म्हणून दलात जायचं, मग स्वेच्छेने नाव द्यायचं आणि खडतर निवडकाळ पार करायचा. मार्कोसचा तळ आपल्या मुंबईतच, आयएनएस अभिमन्यूवर आहे. म्हणजे रंगाचा अडसर भरतीच्या वैद्यकीयातच येतो, आणि तिथून पुढे जाताना शेप-१ हा पूर्ण तंदुरुस्तीचा दर्जाही टिकवावा लागतो.

एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, उमेदवार अविवाहित. लष्करासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते. हवाई दल आणि नौदलाला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित लागतं. फी १०० रुपये, मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातींना माफ. जन्मतारखेचा पुरावा म्हणून दहावीचं प्रमाणपत्रच धरतात. आधार कार्डावर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर ते आजच दुरुस्त करून घ्या. ऐन मुलाखतीच्या आठवड्यात सेतू केंद्राबाहेर रांगेत उभी राहिलेली मुलं मी पाहिली आहेत. एसएसबीला, म्हणजे लेखी परीक्षेनंतरच्या निवड मंडळाच्या मुलाखतीला, जाताना दहावी-बारावीची मूळ कागदपत्रं (बारावीत शिकत असाल तर मुख्याध्यापकांचा दाखला), ओळखपत्र, बोलावणं आणि पासपोर्ट आकाराचे भरपूर फोटो जवळ असू द्या.

एसएसबी पाच दिवसांची. शिफारस झालेल्यांनाच विशेष वैद्यकीय मंडळाकडे पाठवतात. कानातला मळ किंवा जास्तीचं वजन निघालं तर तात्पुरतं अपात्र ठरवतात, उपचार करून परत येता येतं. रंगांधळेपणाला उपचार नाही, त्यामुळे शेरा कायमचा पडतो. लेझरने चष्म्याचा नंबर जातो, रंग सुधारत नाहीत. रंगीत काचा किंवा लेन्स लावून चाचणी देता येत नाही. पानं पाठ करून जाण्याचा सल्ला देणारे महाभाग गावोगाव भेटतात. मंडळ पानं उलटसुलट क्रमाने दाखवतं आणि शंका आली की कंदील आहेच.

निकाल पटला नाही तर ४२ दिवसांच्या आत अपील मंडळापुढे जाता येतं. अपात्रतेचं कारण लिहिलेला कागद आणि नेत्रतज्ज्ञाचा ताजा अहवाल सोबत न्या. त्यानंतर पुनरावलोकन मंडळ असतं, पण ते मिळणं हा हक्क नाही, परवानगीचा भाग आहे. काठावरच्या डोळ्यांना अपिलात कधी न्याय मिळतो. माझ्यासारख्या पक्क्या रंगांधळ्याने त्यात पैसे घालू नयेत.

फॉर्ममध्ये लष्कर, नौदल, हवाई दल आणि नौदल अकादमी यांचा पसंतीक्रम विचारतात. तो भरण्याआधी डॉक्टरचा कागद हातात हवा. उड्डाण जमणार नसेल तरी पदवीनंतर हवाई दलाच्या हिशेब, शिक्षण, हवामान अशा जमिनीवरच्या शाखा उरतात. तिथे रंगाचा निकष तुलनेने सैल असतो. भाच्याने पहिल्या पसंतीला हवाई दल लिहिलं आणि फॉर्म माझ्यासमोरच सबमिट केला. हिरवं बटण दाब म्हणालो, तर म्हणतो, मामा, ते तपकिरी आहे.