बाटलीची वीट: पार्श्वभूमी

काच कितीही वेळा वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून ती टिकाऊ बांधकामाला योग्य, असं नेहमी सांगितलं जातं. ते खरं आहे. पण वितळवायला भट्टी सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. बाटली न वितळवता, आहे तशीच भिंतीत रचायची, ही कल्पना म्हणूनच मला जास्त मोलाची वाटते. ती जुनीही आहे.

अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात सोन्याच्या खाणींमुळे रायोलाइट नावाचं गाव वसलं. तिथे लाकूड दुर्मीळ, दारूचे गुत्ते मात्र भरपूर. टॉम केली या खाणकामगाराने १९०६ मध्ये सुमारे ५०,००० बाटल्या मातीत रचून घर बांधलं. ते अजून उभं आहे. पण त्या बाटल्या काही बांधकामासाठी घडवलेल्या नव्हत्या.

तो विचार पुढे आला १९६०च्या सुमारास. डच बिअर उद्योजक आल्फ्रेड हाइनेकेन कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावर गेले. आपल्याकडे बिअरची रिकामी बाटली भंगारवाल्यामार्फत कारखान्यात परत जाते, धुऊन पुन्हा भरली जाते. नेदरलँड्समध्येही तसंच होतं. बेटावर मात्र बाटल्या समुद्रापार पाठवलेल्या; परतीची सोयच नाही. किनाऱ्यावर बाटल्यांचा कचरा आणि गावात गरिबांना घरं नाहीत, हे दोन्ही त्यांनी एकत्र पाहिलं.

त्यांनी वास्तुरचनाकार जॉन हाब्राकेन यांना बाटलीच विटेसारखी घडवायला सांगितली. तिचं नाव वोबो, म्हणजे ‘वर्ल्ड बॉटल’. ती चौकोनी, रचायची आडवी. तिची आखूड मान पुढच्या बाटलीच्या बुडातल्या खोबणीत बसे. बाजूंवर उंचवटे होते, कारण गुळगुळीत काचेला सिमेंटचा माल धरत नाही. गवंडी विटेचा अद्धा पाडतो, बाटलीचा पाडता येत नाही. त्यामुळे ती दोन मापांत काढली होती.

१९६३ मध्ये सुमारे एक लाख बाटल्या तयार झाल्या. हाइनेकेन यांच्या नोर्डवाइक इथल्या आवारात त्यांची एक छोटी शेड उभी राहिली आणि काम थांबलं. कंपनीच्या विक्री विभागाला ही कल्पना कधीच पटली नव्हती. याची हळहळ वाटते, कारण अडचण रचनेत नव्हती. वस्तू घडवतानाच तिच्या दुसऱ्या वापराचा इतका बारीक विचार त्या काळात क्वचितच कुणी केला असेल.

साध्या बाटल्यांचं बांधकाम मात्र चालूच राहिलं. थायलंडमधल्या सिसाकेत प्रांतात बौद्ध भिक्षूंनी १९८४ पासून बाटल्या गोळा करून मंदिर बांधलं. त्यात सुमारे १५ लाख बाटल्या लागल्याचं सांगतात. हिरव्यांत हाइनेकेनच्याही आहेत. बुचांची त्यांनी भित्तिचित्रं केली. लोक बाटल्या आणून देत राहिले, तशी त्याच पद्धतीने पाण्याची टाकी, स्नानगृहं आणि दहनगृहही उभी राहिली.